वाळूजचा जॉब परदेशी पाठवायचा असेल तर

हा लेख चार-सहा सीएनसी मशीन असलेल्या माणसासाठी आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड, कुठेही शेड असो. आजवर टियर-वन, म्हणजे वाहन कंपन्यांना थेट माल देणाऱ्या कंपन्यांना जॉब (मशीनवर बनवलेले सुटे भाग) देत आलात आणि आता स्वतःच्या नावाने परदेशात माल पाठवायचं मनात आहे, तर पुढे वाचा. माझं शेड छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आहे. स्टीलचे बुश, स्पेसर, पिन असले टर्निंगचे जॉब आम्ही करतो. पहिली परदेशी ऑर्डर गेली तेव्हा मला कुणी सांगायला नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते सांगत नव्हते आणि जे सांगत होते त्यांनी कधी पाठवलेलं नव्हतं.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. 'आपला माल परदेशात चालेल का' ही शंका उगाच आहे, कारण तो केव्हाच तिकडे पोचलाय. बजाजचा वाळूज प्रकल्प १९८५ला सुरू झाला, तेव्हापासून इथल्या गाळ्यांमध्ये बनलेले बुश आणि ब्रॅकेट दुचाकीत बसून आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत फिरताहेत. इथूनच उभ्या राहिलेल्या एंड्युरन्सचे कारखाने आज इटली आणि जर्मनीत आहेत. माल तोच. फरक एवढाच, की आत्तापर्यंत जोखीम मोठी कंपनी घेत होती आणि इनव्हॉइसवर नाव तिचं होतं. ते नाव आणि ती जोखीम आपल्याकडे कशी आणायची, एवढंच खाली लिहिलंय.

१. एकच जॉब निवडा

नवा माणूस पहिली चूक इथेच करतो. परदेशी पार्टीला कॅटलॉग पाठवतो: टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन, 'सर्व प्रकारची कामं केली जातील'. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की याला विशेष असं काही येत नाही.

गेल्या दोन वर्षांतले जॉब काढून बसा आणि तीन प्रश्न विचारा. कोणत्या जॉबला रिजेक्शन सगळ्यात कमी आलं? कोणत्या जॉबमध्ये वजनाच्या मानाने कामाची किंमत जास्त आहे? आणि कोणत्या जॉबची प्रत्येक प्रक्रिया, म्हणजे प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट सगळी, पंधरा-वीस किलोमीटरच्या आत होते? तिन्ही उत्तरांत जो जॉब येईल तो तुमचा. मधल्या प्रश्नाला हसू नका. जाड प्लेट कापून वेल्ड केलेली वस्तू इथून युरोपात पाठवणं म्हणजे स्टील आणि हवा यांचं भाडं भरणं. मुठीत मावेल आणि ज्यावर चार ऑपरेशन झालीत, असा जॉब भाडं सोसतो.

भावावर जिंकू हा विचारही सोडा. भाव कमी म्हणून पार्टी एकदा येते. ती टिकते ती दहा हजारावा नग पहिल्यासारखाच निघाला तर.

२. कागदांची शिदोरी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सोपा आहे. एजंटला पाच-दहा हजार देण्याआधी स्वतः बसून बघा, बरीचशी कामं घरबसल्या होतात.

- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नंबर: डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर काढायचा. सरकारी फी ५०० रुपये. जीएसटी आल्यापासून तुमचा पॅन नंबर हाच आयईसी नंबर असतो.
- चालू खातं आणि बँकेचं एडी कोडचं (परकी चलनाच्या कामासाठी शाखेचा नंबर) पत्र: परकी चलनाचं काम करणारी शाखाच धरा. कोपऱ्यावरची शाखा म्हणेल 'होऊन जाईल सर', आणि पहिला युरो आला की आठवडाभर फाइल फिरत राहील. एडी कोड कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवा, आणि माल ज्या बंदरातून जाणार तिथे तो चालू दिसतो का, हे सीएचएकडून (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) पक्कं करून घ्या.
- एलयूटी, म्हणजे हमीपत्र: जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ हा फॉर्म. तो भरला की आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) न भरता निर्यात करता येते. दर आर्थिक वर्षाला नवा लागतो.
- आरसीएमसी, म्हणजे निर्यात परिषदेच्या सदस्यत्वाचं प्रमाणपत्र: इंजिनिअरिंग मालासाठी ईईपीसी इंडिया या परिषदेची सदस्यता. पहिल्या खेपेला अडत नाही, पण योजना, मेळे, सवलती यांचा रस्ता तिथूनच जातो.
- उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी): बहुतेकांकडे असतेच.
- आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र): नसेल तर पार्टीकडून उत्तर यायचीच शक्यता कमी. वाहन कंपन्यांच्या साखळीत थेट शिरायचं असेल तर आयएटीएफ १६९४९ मागतात.

आता आपल्या गावाचा खास सापळा. शहराचं नाव बदललं. जीएसटीवर 'छत्रपती संभाजीनगर', आयईसीवर 'औरंगाबाद', बँकेत तिसरंच काही, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं, अशी अवस्था मी अर्ध्या एमआयडीसीत पाहिलीय. कायद्याने हे मोठं अडत नाही. पण दर खेपेला कोणीतरी क्लार्क पेन्सिलने गोल करतो आणि एक दिवस जातो. एक दिवस काढून सगळीकडे एकच पत्ता, एकच स्पेलिंग करून घ्या.

३. एचएस कोड आधी ठरवा, भाव नंतर

कस्टम्ससाठी प्रत्येक वस्तूला आकड्यांचा कोड असतो, तोच एचएस कोड. पहिले सहा आकडे जगभर सारखे, आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ होतात. तिकडे शुल्क किती लागणार, इकडे सवलत किती मिळणार, हे सगळं त्यावर ठरतं. एकच गोल दांडी मोटरसायकलचा भाग म्हणून ८७१४ मध्ये जाऊ शकते आणि साधा स्क्रू-बोल्ट म्हणून ७३१८ मध्ये. कोणता कोड लावायचा हे आपल्या सोयीने ठरत नाही, वस्तू काय आहे यावर ठरतं. म्हणून ड्रॉइंग दाखवून सीएचएचं मत घ्या, आणि पार्टी तिकडे कोणत्या कोडखाली आयात करते हेही विचारा. दोन्ही मतं जुळली पाहिजेत.

युरोपसाठी हा प्रश्न आता अधिक टोकदार झालाय, कारण सीबॅम, म्हणजे युरोपची आयात मालावरच्या कार्बन आकाराची पद्धत. स्टील आणि ॲल्युमिनियम बनवताना जो कार्बन हवेत गेला त्याचा हिशेब युरोपातल्या आयातदाराला द्यावा लागतो. नुसते आकडे कळवण्याचा काळ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाला, पैसे मोजायचा टप्पा जानेवारी २०२६पासून. ७३१८ त्यात आहे, ८७१४ नाही. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, त्यामुळे छोट्या पार्टीला काही वाटणार नाही. मोठी पार्टी मात्र तुम्हाला विचारेल की स्टील कोणत्या मिलचं आहे आणि उत्सर्जनाचे आकडे कुठे आहेत. जालन्याच्या रोलिंग मिलच्या दारात बसून आपल्याला हा प्रश्न कधी सुचला नव्हता. आता मटेरिअल घेतानाच विचारायची सवय लावा.

४. ड्रॉइंग वाचणं

इथे थोडा वेळ थांबतो, कारण पैसा इथेच बुडतो.

पहिल्यांदा ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह शोधा. आपण आयटीआयपासून पहिल्या कोनातलं प्रक्षेपण शिकतो, युरोपही तेच वापरतो. अमेरिका तिसऱ्या कोनात काढते. पहिल्या कोनात उजवीकडून पाहिलेलं दृश्य डाव्या बाजूला काढतात, तिसऱ्यात ते उजवीकडेच येतं. जॉब दोन्हीकडून सारखा असेल तर काही बिघडत नाही. एका बाजूला तिरकं होल असेल तर तुम्ही आरशातला जॉब बनवता, आणि तो मायक्रोमीटरने कितीही मोजा, माप बरोबरच येतं. ओळखीच्या एकाने असे दोनशे नग बनवून ठेवले होते. प्रत्येक नग ओके, आणि एकही बसेना.

दुसरं, स्वल्पविराम. जर्मन माणूस साडेबारा मिलिमीटर '१२,५' असं लिहितो आणि बाराशे नग '१.२००' असे. आपल्या डोळ्यांना नेमकं उलटं दिसतं. चौकशीच्या ईमेलमध्ये '१.२००' वाचून मी कपाळाला हात लावला होता, की एक नग आणि वर दोन दशांश कसला! कोटेशनमध्ये संख्या अक्षरातही लिहा. तारखेचंही तसंच: अमेरिकन माणसाचा ०३/०४ म्हणजे चार मार्च. महिना नेहमी अक्षरात.

तिसरं, इंच. अमेरिकेचा एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) म्हणजे २५.४ मायक्रॉन. पाव इंची यूएनसी (अमेरिकन मापाचा) आटा एम-६च्या जवळपास दिसतो, पण तो ६.३५ मिलिमीटरचा आहे आणि पिच वेगळा. त्याचं थ्रेड गेज (आटा तपासायचं साधन) वाळूजमधल्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही. गेज हातात आल्याशिवाय डिलिव्हरीची तारीख देऊ नका.

चौथं, ज्या मापावर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिलेला नसतो ते. आपल्याकडे 'ओपन डायमेन्शन' म्हणतात आणि पोरं त्याला मोकळं रान समजतात. ड्रॉइंगवर आयएसओ २७६८-एम असं काही लिहिलेलं असतं, आणि त्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक मोकळ्या मापाला मर्यादा असते. तक्ता छापून इन्स्पेक्शनच्या टेबलावर चिकटवा.

पाचवं, मटेरिअल. ड्रॉइंगवर सी-४५ या ग्रेडचं स्टील आहे आणि बाजारात ईएन-८ मिळतं. दोन्ही चुलतभाऊ आहेत, जुळे नाहीत. न विचारता बदलू नका, विचारलं तर बहुतेक वेळा लेखी परवानगी मिळते. सोबत ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ सर्टिफिकेट, म्हणजे मटेरिअलच्या तपासणीचा दाखला, मागतील. ते मिलनेच दिलेलं असलं पाहिजे आणि त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या एका ओतीचा नंबर) बारवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. डीलरने आपल्या लेटरहेडवर टाइप करून दिलेला कागद चालत नाही. एक बारीक सवय लावा: हीट नंबर बारच्या एका टोकाला असतो, तर कापायला नेहमी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची. शेवटचा तुकडा उरेपर्यंत नंबर शाबूत राहतो. आमच्या कटिंगवाल्या मामांना हे पटायला महिना लागला. आता ते नव्या पोरांना दमात घेतात.

शंका आली की विचारा. प्रश्न विचारला तर आपण अडाणी दिसू, असं आपल्याला वाटतं. तिकडे उलट आहे. पंधरा प्रश्नांची यादी पाठवली त्या दिवसापासून माझ्याशी बोलणारा खरेदी विभागातला माणूस बदलला आणि त्यांचा इंजिनिअर थेट बोलू लागला.

५. नमुना आणि त्याचे कागद

नमुना म्हणजे सगळ्यात सुंदर पाच नग निवडून पाठवणं नव्हे. जी मशीन, जे टूल, जो ऑपरेटर पुढे माल काढणार, त्यावरच काढलेले नग पाठवा. नाही तर नमुना पास होतो आणि लॉट फेल जातो.

ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला फुगा काढून नंबर द्यायचा, आणि त्या नंबरासमोर पाच नगांची प्रत्यक्ष मापं लिहायची. सगळ्या नगांची मापं एकसारखी लिहिलीत तर ती मोजलेली नाहीत हे त्यांना लगेच कळतं. वाहन उद्योगातली पार्टी पीपॅप (उत्पादनाआधी भाग मंजूर करून घ्यायची फाइल) मागेल. त्यात अठरा घटक असतात आणि देण्याच्या पाच पातळ्या असतात, काही सांगितलं नसेल तर तिसरी धरायची. सीपीके १.३३ किंवा १.६७ हवा म्हणतील. हे मशीनच्या सातत्याचं माप आहे, मशीनच्या किमतीचं नाही. जुनी मशीन नीट ठेवलेली असेल तर आकडा येतो.

सीएमएम (मापं मोजणारी मशीन) स्वतः घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर आणि चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम, दोन्हीकडे मोजणीची सोय आहे. शिवाय तिथे मोजून आणलेल्या रिपोर्टवर पार्टीचा विश्वास तुमच्या रिपोर्टपेक्षा जास्त बसतो.

६. गिऱ्हाईक

जादूची यादी कुणाकडे नसते. इंटरनेटवरून विकत मिळणाऱ्या 'दहा हजार बायर'च्या याद्या म्हणजे पैशाची माती. मला उपयोगी पडलं ते असं: ज्या मोठ्या कंपनीला आपण इथे माल देतो तिचे परदेशातले प्रकल्प, आणि तिथे तोच जॉब कोण देतं, याचा शोध. जॉब तोच, मोजायची भाषा तीच. आपल्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला सांगून करा, मागच्या दाराने नको. आणि त्यांच्या ड्रॉइंगवरचा माल दुसऱ्या कुणाला दाखवायचाही नाही.

औद्योगिक मेळ्यांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका, तिकीट काढून फिरा. बंगळुरूच्या आयएमटेक्सपासून सुरुवात करा, मग जर्मनीतलं हॅनोव्हर. मसिआ आणि सीएमआयए या आपल्या संघटनांकडून शिष्टमंडळं जातात, ईईपीसीमार्फत स्टॉलच्या खर्चात सवलतीच्या योजना असतात; चौकशी करत राहा. मेळ्यात कार्ड वाटण्यापेक्षा खिशात एक जॉब ठेवा. तो हातात दिला की माणूस नकळत बोट फिरवून बर (कापल्यावर कडेला उरणारी खरखर) राहिलीय का बघतो. तिथून बोलणं सुरू होतं.

७. भाव काढणं

इथल्या भावात दहा टक्के मिळवून युरोने भागणं, याला भाव काढणं म्हणत नाहीत.

खेपेचा काही खर्च नगांवर अवलंबून नसतो: सीएचएची फी, सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) आकार, कागदपत्रं, बँकेचे चार्जेस. समजा तो सगळा मिळून ३०,००० रुपये झाला. हजार नग पाठवले तर नगामागे ३० रुपये चढले, दहा हजार पाठवले तर ३. म्हणून कोटेशनमध्ये एक भाव द्यायचाच नाही, संख्येप्रमाणे तीन भाव द्यायचे. पार्टी म्हणते, आधी पाचशे पाठवा. पाठवा, पण पाचशेच्या भावाने.

मग अटी, म्हणजे खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची. इन्कोटर्म्स २०२० या जागतिक नियमांत अशा अकरा अटी आहेत, तुम्हाला चार-पाच कळल्या तरी पुरे. एक्सवर्क्स (माल पार्टीने तुमच्या दारातून उचलायचा) सोपी वाटते, पण तिच्यात निर्यातीचं कस्टम्सही कागदोपत्री परदेशी पार्टीवर येतं, आणि ते जमत नसल्याने शेवटी फुकटात तुम्हीच करता. डीडीपी म्हणजे माल त्यांच्या दारात, त्यांच्या देशाचं शुल्क आणि कर तुमच्या डोक्यावर. त्या देशाने शुल्क वाढवलं की नफा गेला, आणि अलीकडे शुल्क कसं रातोरात बदलतं ते आपण पाहिलंय. नव्या माणसाने एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी तुमची) किंवा एफसीए (ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हाती देईपर्यंत तुमची) न्हावा शेवा धरावं. सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा तुमच्याकडे) द्यायचं झालं तर विमा कोणत्या कलमाचा हे स्पष्ट लिहा. नियमाप्रमाणे सीआयएफमध्ये सगळ्यात तोकडा, म्हणजे सी कलमाचा विमा पुरतो, आणि गंजाचा दावा त्यात बसत नाही.

आणखी दोन वाक्यं कोटेशनवर असू द्या. एक, भाव किती दिवस चालू. दोन, स्टीलचा भाव ठरावीक टक्क्यांपलीकडे हलला तर पुन्हा बोलू. युरोच्या चढउतारासाठी बँकेत फॉरवर्ड करार (पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेणं) मिळतो. रुपया घसरला की फायदा होईल या आशेवर धंदा करू नका.

८. पैसे येणार कसे

पहिल्या ऑर्डरला निम्मे आगाऊ, उरलेले बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची) प्रत दाखवल्यावर. बहुतेक मध्यम पार्ट्या मानतात. एलसी (पार्टीच्या बँकेची पैशाची हमी) सुरक्षित वाटते, आणि असतेही, पण तिच्यात बँक माल पाहत नाही, कागद पाहते. मालाचं वर्णन, तारखा, कागदांची संख्या यांत फरक पडला की 'डिस्क्रेपन्सी', आणि पैसे लटकले. एलसीचा मसुदा आधी मागवा, सीएचए आणि बँकेला दाखवा, मगच हो म्हणा. वेगळी मुदत लिहिली नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत.

ओळख वाढली की पार्टी साठ-नव्वद दिवसांची उधारी मागणार. तेव्हा ईसीजीसीची पॉलिसी, म्हणजे निर्यातीची उधारी बुडण्याचा विमा, घ्या. ही सरकारी कंपनी १९५७पासून याच कामाला आहे. तुमच्या पार्टीवर ती किती मर्यादा देते, यावरूनही पार्टीची पत कळते. आलेले पैसे कोणत्या शिपिंग बिलाचे (कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या फॉर्मचे) हे बँकेत जुळवून घ्यायचं आणि डीजीएफटीच्या पोर्टलवर ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) काढायचं. पैसे आणायची मुदत रिझर्व्ह बँक ठरवते आणि ती बदलते, म्हणून चालू मुदत बँकेकडून लेखी घ्या.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: बँक खातं बदलल्याचा ईमेल आला किंवा गेला, तर फोन करा. चोर महिनाभर तुमच्या मेलवर नजर ठेवून बसतो आणि बरोबर पेमेंटच्या दिवशी तुमच्याच नावाने पार्टीला नवा खाते नंबर पाठवतो. आपल्या पहिल्याच इनव्हॉइसवर लिहून ठेवा, की आम्ही खातं ईमेलने कधीच बदलत नाही.

९. पॅकिंग, म्हणजे माझा अंगठा

आमची पहिली खेप मे महिन्यात निघाली. शेडमध्ये पत्र्याखाली काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. शेवटचं इन्स्पेक्शन मी स्वतः केलं, प्रत्येक नग हातात घेऊन, तेल पुसून, उजेडात फिरवून. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या, खोकी, आणि सुताराकडून त्याच आठवड्यात करून आणलेली लाकडी पेटी.

दोन महिन्यांनी फोटो आले. नगाच्या चकचकीत अंगावर तांबूस ठसे होते. भोवरा, रेघा, सगळं स्पष्ट. एकावर अंगठ्यावरच्या जुन्या जखमेची आडवी रेघसुद्धा होती. ती माझी. घामातलं मीठ, बंद पिशवीतली दमट हवा आणि वर ओल्या लाकडाचा ओलावा. माल तिथेच पॉलिश करवून घेतला, पैसे मी भरले.

तेव्हापासून आमची पद्धत अशी. धुतलेल्या जॉबला नागव्या हाताने शिवायचं नाही, हातमोजे. धुऊन पूर्ण वाळल्यावर गंजरोधक तेल. मग व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी, साधी पिशवी नाही, आणि आत सिलिका जेल. समुद्रात कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि छतावरून अक्षरशः पाणी ठिबकतं. लाल समुद्रातल्या हल्ल्यांनंतर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा प्रवासात दहा-पंधरा दिवस वाढले. तेवढे दिवस धरूनच पॅकिंग करा.

लाकूड आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या जागतिक नियमाप्रमाणे उष्णता दिलेलं हवं: गाभ्याचं तापमान ५६ अंश, सलग ३० मिनिटं. फळीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि एचटी अक्षरं डागलेली असतात. शिक्का नसेल तर पेटी परदेशी बंदरातून परत येऊ शकते, आतला माल कितीही चांगला असो. शिक्का असलेल्या पेटीला पोरांनी नंतर घरची एक फळी ठोकली, तरी शिक्का वाया गेला. युरोपसाठी पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचा ठेवा आणि आतलं खोकं एका माणसाला उचलेल एवढंच जड. तिकडे दोन हमाल मिळत नाहीत.

१०. माल निघतो तो आठवडा

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ३.१ सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन रिपोर्ट, लागत असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. यूएई आणि ऑस्ट्रेलियाशी २०२२पासून करार लागू आहेत, तिथे ओरिजिनच्या कागदावर पार्टीचं शुल्क वाचतं. पार्टीने मागितला नाही तरी आपणहून विचारा.

सीएचए शिपिंग बिलाची चेकलिस्ट पाठवतो. संध्याकाळी सहाला पाठवतो आणि 'लवकर ओके करा' म्हणतो. करू नका. शांतपणे वाचा: एचएस कोड, नग, निव्वळ वजन, इनव्हॉइस नंबर, एलयूटी की आयजीएसटी, ड्रॉबॅक (शुल्काचा परतावा), आणि रोडटेपचा (इतर करांच्या परताव्याचा) दावा 'हो' आहे का. तो रकाना राहिला तर हक्काचे पैसे बुडाल्यातच जमा. आयजीएसटी भरून पाठवत असाल तर शिपिंग बिलातला आणि जीएसटीआर-१ मधला इनव्हॉइस नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मधली एक तिरकी रेघ चुकली की परतावा अडकतो.

थोडा माल असेल तर ट्रकने न्हावा शेवाच्या सीएफएसला, तिथे तो दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जातो. समृद्धी महामार्ग २०२५ला पूर्ण झाल्यापासून हा प्रवास बराच सुटसुटीत झालाय. कंटेनर भरून माल असेल तर मालीवाड्याच्या आयसीडीचाही (बंदरापासून दूरच्या कंटेनर आगाराचा) भाव घ्या. पूर्ण कंटेनरला व्हीजीएम, म्हणजे तपासलेलं एकूण वजन, कळवणं बंधनकारक आहे. वजनकाट्याची पावती जपून ठेवा.

पेट्या बंद करण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढा, हीट नंबर आणि लॉट नंबरसकट. तक्रार आली तर बोलायला काहीतरी हवं.

११. तक्रार आली तर

येणारच. चोवीस तासांत उत्तर द्या, कारण सापडलं नसेल तरी. 'तुमचा ईमेल मिळाला, उरलेला साठा थांबवला, इथे शंभर टक्के तपासणी सुरू केली', एवढं पुरतं. मग ८डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय केलं याचा आठ पायऱ्यांचा अहवाल. त्यात 'ऑपरेटरची चूक, समज दिली' हे कारण लिहू नका. ते वाचून तिकडचा माणूस उसासा टाकतो. ऑपरेटरला चूक करता आली कशी, हे लिहा. माझ्या ८डीत मी लिहिलं, की हातमोजे स्टोअरला कुलपात होते आणि चावी माझ्याकडे होती. दुसरी ऑर्डर सहा आठवड्यांनी आली, पाच हजार नगांची.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन खुणा करून ठेवा. मार्चअखेर नवी एलयूटी. एप्रिल ते जून आयईसीची वार्षिक खातरजमा: काही बदललं नसलं तरी पोर्टलवर जाऊन करावी लागते, नाही तर नंबर बंद पडतो. ते कळतं तेव्हा ट्रक भरून दारात उभा असतो.